मरळीसाठी सोडलेला कोपरा

मु. खैरखेड, पो. डोणगाव
१२ जून २००७

गौसे,

पत्र पाहून आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, घरात सगळे धडधाकट आहेत. म्हैससुद्धा. तुझ्या लेकाच्या, तौसिफच्या कृषी केंद्रात फोन केला तर सगळं दुकान कान लावून ऐकतं, आणि माझा मोबाइल मारुतीच्या टेकडीवर चढल्याशिवाय लागत नाही. शिवाय सातवीपर्यंत एका बाकावर बसून शुद्धलेखन केलं ते काय वाया घालवायचं?

बातमी अशी की गावतलाव आम्हाला मिळाला. ग्रामपंचायतीने तीन वर्षांसाठी आमच्या बचतगटाच्या नावाने कागद केला. बारा जणी आहोत, दहा भोयांच्या आणि बौद्धवाड्यातल्या बेबीताई आणि तिची जाऊ. पुरुषमंडळी निम्मी पुण्याला बांधकामावर गेली, उरलेली म्हणतात तळ्यात आता बेडूक सोडून काही राहिलं नाही.

तसं ते खोटं नाही. रोहू-कटल्याचं बी विकत आणून सोडता येतं. पण मरळ गेली. तुला आठवत असेल, माझ्या बापाचा एकच नियम होता. पाण्यावर लाल पिल्लांचा थवा दिसला की त्याच्याखाली मरळीची जोडी राखण करते, तिला हात लावायचा नाही. आता लोक नेमकं उलटं करतात. लाल थवा दिसला की तिथेच गळ टाकतात. राखणारी जोडी चवताळून येते आणि गळ गिळते. मग पिल्लं दुसऱ्यांचं खाद्य. दहा वर्षांत असं करत करत तळं रिकामं केलं आपण.

म्हणून मी गटाला म्हटलं, पूर्वेकडच्या लवणातला, ओढा उतरतो त्या खोलगट भागातला कोपरा दोन पावसाळे सोडा. जाळं नाही, गळ नाही, ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून कोणी आत जाणार नाही. मरळ परत येईल, हा माझा शब्द. बेबीताई म्हणाली, "अन् नाही आली तं? तुह्या शब्दाची भाजी करता येते का वो?" तिचं चूक नाही. तळ्याचा चांगला तिसरा हिस्सा सोडायचा म्हणजे घरात तितकं कमी येणार. तरी बाकीच्यांनी माझ्या तोंडाकडे पाहून हो म्हटलं. आता दोन पावसाळे माझी झोप उडाली समज.

कोपऱ्याच्या तोंडाशी दोर ताणायचाय, म्हणजे हद्द दिसेल. तरंगायला बापाचे वाळलेले भोपळे होते, ते उंदरांनी खाल्ले. तुझ्या बाजारात काही स्वस्त मिळतं का बघ.

तुझी
जनका


जळगाव जामोद
२४ जून २००७

जनके,

तू शब्द दिलास हे वाचून मी एकटीच हसले. शाळेत गणिताच्या बाईंनाही शब्द दिला होतास, आठवतो का? पण मनापासून सांगते, फार बरं वाटलं. आमचे अब्बा तुझ्या बापाची मरळ सायकलवर ओल्या गोणपाटात घालून डोणगावच्या बाजाराला न्यायचे. चार तासांनीसुद्धा गोणपाट वळवळायचं. आज मी इथे पाटावर बसून काय विकते? आंध्राचा बर्फातला मासा. गिऱ्हाईक दाबून बघतं आणि विचारतं, "ताजा है क्या?" मी म्हणते, "हाव, रेल्वेत ताजा होता." बाळंतिणीसाठी, आजाऱ्यासाठी लोक मरळच मागतात, आणि मी महिना महिना नाही म्हणते. तुझी मरळ आली तर पहिली टोपली माझी, आताच सांगून ठेवते.

तुझ्या दोराचं काम मी केलं. तौसिफच्या दुकानामागे रिकाम्या कॅनचा ढीग पडलाय. बीटी कपाशी आली तेव्हा सांगत होते, फवारा लागणारच नाही. आता मावा, तुडतुडे, काय काय म्हणतात, आणि माणसं पाच-पाच लिटर औषध नेऊन रिकामे कॅन दुकानामागे फेकून जातात. झाकण घट्ट बसतं, वर्षभर तरंगतील. बेचाळीस कॅन निवडले. एकेक मी स्वतः राखेने आतून-बाहेरून घासून काढलाय, वास घेऊन बघ. दोन पोत्यांत भरून उद्याच्या गाडीच्या टपावर टाकतेय. खामगावला आणि मेहकरला पोती पुढच्या गाडीवर चढवायला कंडक्टरला सांगितलंय. डोणगाव स्टँडवर कोणालातरी पाठव.

पैसे विचारलेस तर पत्र बंद.

गौसिया


खैरखेड
६ ऑगस्ट २००७

गौसे,

कॅन पोचले. गावभर हसले. पाटील म्हणाले, तळ्यात रॉकेल विकणार का काय. पण काय सुंदर दिसतात गं! लवणाच्या तोंडाला पांढरी ओळ. कोणी म्हणायला नको की दिसलं नाही. कॅनच्या गळ्याला दोर बांधला की निसटतो, म्हणून आम्ही भोपळ्याला करतो तसंच केलं. सळई तापवून प्रत्येक कॅनच्या मुठीला आरपार भोक पाडलं आणि दोर ओवला. बेबीताईच्या बोटाला चटका बसला, त्याची बोलणीही मीच खाल्ली.

आता बस आणि नीट वाच. परवा सकाळी पाणकणसाच्या बेटाजवळ पाणी लाल झालं होतं. कुंकवाची चिमूट हलत जावी तसा थवा. खाली जोडी. मी ट्यूबवर लांबच थांबले तरी एकीने येऊन ट्यूबला धडक दिली. मला इतका आनंद झाला की मी तिला शिवी दिली आणि रडले.

गटातल्या सगळ्या जणी काठावर येऊन बघून गेल्या. बेबीताई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "एक थवा हाय. एकानं काय होते?" पण दुसऱ्या दिवशी ती एकटीच परत बघायला आली होती, हे मी पाहिलं.

वरच्या अंगाला ओढ्याकाठी शेषरावची कापसाची पऱ्हाटी आहे. माणूस तिरसट आहे, पण पीक उभं केलंय. तो आठवड्याला फवारतो. मी जाऊन सांगून आले, "शेषरावभाऊ, फवाऱ्याचा पंप ओढ्यात धुवू नका." तो म्हणाला, "म्या विहिरीवर धुतो. मले शिकवाले आली का?" बरं म्हटलं आणि आले.

जनका


खैरखेड
१ सप्टेंबर २००७

गौसिया,

मेली. सगळी पिल्लं मेली. काल सकाळी पाण्यावर पसरली होती, लाल रंग जाऊन करडी पडलेली. जोडीतली एक पोट वर करून. बाहेरच्या मोठ्या तळ्यात एकही मासा मेला नाही, फक्त लवणात मेले.

परवा शेषरावने फवारा मारला, गावाने पाहिलंय. ओढा लवणातच उतरतो. मी त्याच्या बांधावर जाऊन सगळ्यांसमोर विचारलं. तो म्हणतो विहिरीवर धुतला. मी म्हटलं, "खोटं बोलून राह्यले तुम्ही. तुमच्या पंपानं माह्या तळ्याचा जीव घेतला." त्याची बायको सरस्वतीबाई मध्ये पडली, तिलाही मी सोडलं नाही.

मला जेवण जात नाही. हसू नकोस, माशांसाठी म्हणून.

जनका


जळगाव जामोद
१३ सप्टेंबर २००७

जनके,

हसेन कशी? मी तर पाटावर मासे मांडायचे सोडून तुझं पत्र दोनदा वाचलं. राग असा आला की त्या दिवशी गिऱ्हाइकांनी भाव केला नाही, घाबरून दिले पैसे.

त्या माणसाला सोडू नकोस. असल्या लोकांना पंचायत समजत नाही, पोलीस समजत नाहीत. त्यांना कापूस समजतो. वेचणीला त्याच्या वावरात कोण जातं? तुम्हीच ना सगळ्या? एकीनेही पाऊल टाकू नका. बोंडं झाडावर वाळू दे, मग विहीर कुठे आहे ते आठवेल त्याला. माझं नाव घेऊन सांग त्यांना, गौसियाने सांगितलंय.

आणि जेव. जिवंत राहिलीस तर भांडशील.

गौसिया


खैरखेड
२२ नोव्हेंबर २००७

गौसे,

तू सांगितलंस तसं केलं. गटातली एकही जण शेषरावच्या वावरात गेली नाही, आणि आमच्याकडे बघून बाकीच्या बायकाही गेल्या नाहीत. दसऱ्यापासून कापूस फुटून झाडांवर लोंबत होता. तो, सरस्वतीबाई आणि त्याची म्हातारी आई, तिघंच वेचत होते. मग चार दिवस अवकाळी पाऊस लागला. सगळा कापूस भिजून काळा पडला. कवडीला विकला म्हणे.

खरं सांगू? मला वाटलं होतं बरं वाटेल. म्हातारी वाकून वेचताना रोज दिसते, तेव्हा मी दुसऱ्या पांदीच्या वाटेने जाते. पण केलं ते केलं. पिल्लं मारली ती काय परत देणार आहे?

गटात कुरकुर आहे. बेबीताईचं म्हणणं, एक पावसाळा गेला, मरळ नाही आणि त्या वावरातली वीस दिवसांची मजुरीही नाही. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठरवायचं, कोपरा राखायचा की उघडायचा. बायकांनी उघडा म्हटलं तर मी काय बोलणार? माझा शब्द तर पाण्यावर मेलेला त्यांनी पाहिलाय.

राखायचा ठरलाच तर अजून वीस कॅन पाठव. तुझ्या कॅनची एक तक्रार आहे, ते पाणी पितात. श्रावणातल्या झडीत सगळे निम्मे बुडाले होते. पिल्लं मेली त्याच्या आदल्या दुपारीच मी ट्यूबवर जाऊन बेचाळीसच्या बेचाळीस झाकणं उघडून पाणी ओतून दिलं होतं. तेव्हापासून दर आठ दिवसांनी हेच काम. पहिल्यांदा तर पांढरं पाणी निघालं, ताकासारखं. म्हटलं गौसीने राख घासली पण धुतली नाही! कामात अर्धवटपणा तुझा जुनाच.

जनका


जळगाव जामोद
१४ जानेवारी २००८

जनका,

उत्तराला दीड महिना लागला. तब्येत बरी होती, सवडही होती. लिहायची हिंमत नव्हती.

तुझं पत्र आलं तेव्हा चष्मा फुटला होता, म्हणून तौसिफला वाचायला दिलं. कॅन पाणी पितात तिथपर्यंत आला आणि थांबला. विचारलं, भोक कुठे पाडलंय? मी म्हटलं मुठीला. तो म्हणाला, "अम्मी, वो मूठ अंदर से खोखली रहती. सीधा डब्बे में खुलती." म्हणजे भोपळ्याच्या देठाला भोक पाडलं तर काही होत नाही, पण या कॅनच्या मुठीला पाडलं की पाणी आत जातं. आणि पांढरं पाणी राखेचं नसतं, जनके. हे औषध पाण्यात पडलं की तसं दुधासारखं होतं. फवारणारा प्रत्येक माणूस हे रोज बघतो. तू कधी फवारलं नाहीस, मीही नाही.

आता दुसरी गोष्ट. मी लिहिलं होतं, आतून-बाहेरून घासले. मी फक्त बाहेरून घासले होते. दहा-बारा झाकणं उघडायला गेले, घट्ट होती, बाजाराची वेळ झाली होती. म्हटलं झाकण लावलेलंच राहणार, आत कोण बघतंय. तुला मोठेपणाने लिहून टाकलं. तौसिफने विचारलं, धुतले होते ना? मी त्यालाही हो म्हटलं. मग त्या संध्याकाळी त्याला खरं सांगितलं. मुलगा उठला आणि दुकानामागे पडलेले कॅन गोळा करायला लागला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

एका कॅनमध्ये चमचाभर राहिलं असेल. बेचाळीस चमचे, त्या बंद कोपऱ्यात, एका दुपारी. तौसिफ म्हणतो, माशाच्या पिल्लांना त्याच्या दहाव्या हिश्शानेही मरण येतं.

आणि वेचणी बंद करा हे कोणी लिहिलं? मीच. तीन माणसांचा कापूस मी इथे पाटावर बसून भिजवला.

दीड महिना मी स्वतःला समजावत होते की हे कोणालाच कळणार नाही. तुलाही नाही. ग्रामसभा होईल, कोपरा बंद राहील की उघडेल, शेषराव वाईट माणूस म्हणून राहील. असेही तो तिरसटच, तूच म्हणतेस. पण पुढच्या पावसाळ्यात तू त्याच दोरावर झाकणं उघडशील, हा विचार मला पाटावर बसू देईना.

आता तुझ्या हातात आहे. ग्रामसभेत सांगितलंस तर बायका तुझ्यावर उलटतील आणि कोपरा जाईल. नाही सांगितलंस, गुपचूप कॅन काढून टाकलेस, तर मी मेले तरी तोंड उघडणार नाही. तू म्हणशील ते.

माफी कशी मागतात ते मला मराठीत लिहिता येत नाहीये.

गौसिया


खैरखेड
३ फेब्रुवारी २००८

गौसे,

तुझं पत्र चोवीस तारखेला आलं. वाचून मी तुला काय काय म्हटलं ते लिहीत नाही, पोस्टमन चांगला माणूस आहे. संध्याकाळी तळ्यावर जाऊन सगळे कॅन काढले. एक कॅन काठावर बालदीत उपडा केला. इतक्या दिवसांनीही पाणी किंचित पांढरं झालं. मी ते बघत बसले. ते मी माझ्या हाताने ओतलं होतं, ट्यूबवर बसून, पिल्लांच्या डोक्यावर, आणि वर तुझ्यावर हसले होते.

गप्प बसावं असं वाटलं. तुझ्यापासून काय लपवायचं, सव्वीस तारखेला सकाळी झेंड्याला नमस्कार करतानाही मी तेच ठरवत होते की गप्प बसायचं. कॅन काढलेत, पुढे भोपळे लावीन, झालं.

सभेत आमचा विषय निघाला. मी उठले. समोर शेषराव बसला होता, टोपी मांडीवर. त्याच्या मागे ती म्हातारी, हाताला चिंधी बांधलेली. बोंडाच्या टोकांनी बोटं फाटलेली. ती चिंधी पाहिल्यावर मला दुसरं काही बोलताच येईना. म्हटलं, "मासे शेषरावभाऊंनी नाही मारले. म्या मारले. डबे म्या लावले, भोक म्या पाडलं, औषधाचं पाणी म्या ओतलं. त्यायचा कापूस माह्या जिभेनं भिजला." आणि घरून ती बालदी आणून दाखवली.

जो गोंधळ झाला तो विचारू नकोस. बेबीताई उभी राहून ओरडली, "तुह्या नादानं माही वीस दिवसाची मजुरी गेली, जनकाबाई! ते कोण देते आता?" बरोबर होतं. सरपंच शांत राहा म्हणत होते, कोणी ऐकत नव्हतं.

मग शेषराव उठला. मला वाटलं आता हा मला मारतो. तो खालीच बघून बोलला, "म्या बी त्या दिवशी पंप ओढ्यातच धुतला होता. विहिरीवरची मोटर बंद होती. सगळे अंगावर आले म्हणून खोटं बोललो." मग टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाला, "बाई एवढं बोलली, तं म्या काऊन दाबून ठेवू?"

म्हणजे गौसे, पिल्लं तुझ्या कॅनने मेली की त्याच्या पंपाने, आता देवालाही सांगता यायचं नाही. पण हे ऐकून माझं ओझं कमी झालं असं समजू नकोस. सरस्वतीबाईने नवऱ्याकडे असं पाहिलं, आणि मग माझ्याकडे तसंच. ती म्हणाली, "तुम्ही दोघं खरं बोलून मोकळे झाले. वेचलं कोणं? म्या अन् म्हातारीनं." आणि निघून गेली. ती माझ्याशी बोलत नाही. मी रोज रामराम घालते, ती म्हशीशी बोलते.

कोपऱ्याचं मत घेतलं, फक्त आम्हा बारा जणींचं. सात हात राखा, पाच उघडा. तेही एकच पावसाळा. बेबीताईने सांगून ठेवलंय, "दसरा झाला की म्या जाळं टाकणार म्हंजे टाकणार. मंग कोणी मधात येजा नको." मी हो म्हटलं. आता शब्द द्यायचे मी सोडलेत.

तुझं नाव मी घेतलं नाही. तुला इथे कोण ओळखतं आता? उगाच कशाला.

जनका


जळगाव जामोद
१२ फेब्रुवारी २००८

जनके,

माझं नाव काऊन घेतलं नाहीस?

मोठी आलीस मला वाचवणारी. कॅन माझे, खोटं माझं, वेचणी बंद करायची अक्कल माझी, आणि सभेत उभी तू राहिलीस एकटी? शाळेत खिडकीची काच दोघींनी फोडली होती तेव्हाही तूच एकटी छड्या खाल्ल्यास, आणि मी पाच वर्षं तुझ्यासमोर मान वर करू शकले नाही. त्या वेळी मी दहा वर्षांची होते. आता पंचेचाळीस वर्षांची आहे, पुन्हा तसं जगणार नाही. माझा वाटा मला दे.

रविवारी पहिल्या गाडीने निघते. दुपारी डोणगावला पोचेन. कोणी घ्यायला येऊ नका, रस्ता मला माहीत आहे. आधी शेषरावभाऊंच्या दारात जाईन, मग तुझ्याकडे. सरस्वतीबाईने दार उघडलं नाही तर ओट्यावर बसेन, मला बसायची सवय आहे. जाताना ते बेचाळीस कॅन मी परत नेणार आहे. तौसिफने दुकानामागे पत्र्याची खोली केलीय. रिकामा कॅन आला की विळ्याने फाडून आत टाकतो आणि कुलूप लावतो. एक माणूस भांडला, मला रॉकेलला पाहिजे म्हणून. तौसिफने त्याला आपल्या पैशाने नवा डबा घेऊन दिला.

भाकरी कर. बोलायला खूप आहे, आणि काही बोलायचं नसलं तरी भूक लागेलच.

गौसिया


खैरखेड
१८ ऑक्टोबर २००८

गौसे,

तू येऊन गेलीस त्याला आठ महिने झाले. सरस्वतीबाईने तुला दोन तास ओट्यावर बसवलं आणि शेवटी चहा दिला. मला अजून दिलेला नाही. पण यंदा आम्ही बाराही जणी तिच्याकडे वेचणीला जातोय. आजपासून सुरू केलं. ती मापात कापूस घेते आणि आकडा सांगते, तेवढंच. मला चालतं.

पावसाळ्यात तुला मुद्दाम पत्र लिहिलं नाही. भीती वाटत होती. लवणात तीन थवे लागले होते. शेषरावने बांधावर टाकीचं पाणी आणलंय, पंप आता तिथेच, ओढ्यापासून लांब धुतो. मी त्याला काही सांगायला गेले नव्हते. मी फक्त काठावरून बघायचे आणि कोणाला सांगायचे नाही, घरातही नाही.

दसरा झाला. काल सकाळी बेबीताई जाळं खांद्यावर टाकून माझ्या दारात उभी. "चाल, बोलली होती ना?" सगळ्या जणी आल्या. दिवाळी दहा दिवसांवर आलीय, प्रत्येकीला पोरांचे कपडे घ्यायचेत, तेल घ्यायचंय. मी चपला घातल्या आणि निघाले.

लवणात जाळं टाकलं, तिघींनी ओढलं. जड लागलं. काठावर आणलं तर आत नुसती मरळ. वीतवीतभर, काळी, चिखलात उड्या मारणारी. पन्नास-साठ तरी असतील, एका ओढीत. बेबीताई गुडघाभर पाण्यात उभी होती. वीतभर मरळीला भाव कमी मिळतो पण मिळतो. दिवाळी निघाली असती, गौसे. सगळ्यांना माहीत होतं.

बेबीताईने एक उचलली. आपल्या हातावर धरून पाहिली, बोटापासून कोपरापर्यंत मोजतात तशी. मासा निम्माही भरला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं, शपथ. ती म्हणाली, "अजून लहान हायेत व माय." तिने ती पाण्यात सोडली. मग दुसरी. मग जाळ्याचं तोंड उघडून सगळंच पाण्यात उपडं केलं आणि जाळं गुंडाळायला लागली. तिची जाऊ म्हणाली, "अवं, दिवाळी?" तर बेबीताई म्हणाली, "पुढच्या सालीबी दिवाळी येते."

जावेने जाळ्याचं दुसरं टोक उचललं. ओल्या लुगड्यांनी आम्ही बारा जणी बांधावरून परत आलो. पहिली टोपली तुझी असं तू लिहिलं होतंस, पण यंदा तुला एकही मरळ मिळणार नाही. गिऱ्हाइकांना काय सांगायचं ते तू बघ. तळ्यावरून येऊन सगळ्यांच्या घरी पिठलं झालं.

तुझी
जनका